14 वर्षांची रवाल घोडी

प्रश्न : माझं वय 52. लहानपणी घोड्यावर बसत होते, मग तीस वर्षं खंड पडला. मणक्याच्या दुखण्यामुळे दुडकीचे हिसके आता सोसत नाहीत. रानवाटांनी फिरावं, शेतात बांधाबांधानं चक्कर मारावी, एवढीच हौस. एक रवाल, म्हणजे हिसके न देणाऱ्या चालीची घोडी पाहिलीय, शांत आणि सरावलेली, पण 14 वर्षांची. घरचे म्हणतात, म्हातारी घोडी कशाला गळ्यात घेतेस?

उत्तर : ताई, 14 म्हणजे म्हातारी नव्हे. नीट राखलेलं जनावर पंचवीस-तीस वर्षं जगतं आणि विशीतही हलकं काम करतं. तीस वर्षांनी मांड टाकणाऱ्या माणसाखाली मी तर चार-पाच वर्षांचं तापट जनावर देणारच नाही. फक्त 14 हा आकडा विकणाऱ्याच्या तोंडचा आहे, तो घोडीच्या तोंडात ताडून बघा. वरच्या पुढच्या सहा दातांपैकी अगदी कडेच्या दातावर एक तपकिरी उभी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराच्या सुमारास दाताच्या मध्यावर येते. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा. पण खाच दाताच्या टोकापर्यंत पोचली असेल, तर बाई विशीच्या आहेत.

चाल मात्र कानानं पारखा. दुडकीत पाय तिरप्या जोडीनं पडतात आणि मधे चारही खूर क्षणभर अधांतरी असतात. हिसका बसतो तो तिथून खाली येण्याचा. रवालीत प्रत्येक पाय सुटा पडतो, एक ना एक खूर जमिनीला असतोच, म्हणून कंबर वाचते. कडक जमिनीवर चार वेगळ्या टापा ऐकू आल्या पाहिजेत. दोनच आल्या आणि तुम्ही डावी-उजवीकडे डुलायला लागलात, तर एका अंगाचे दोन्ही पाय एकदम पडताहेत. ती रवाल नव्हे. खूर उचलून नालाही बघा. ही चाल मुळात रक्तातून येते. (2012 मध्ये तिच्याशी निगडित डीएमआरटी3 हा जनुकही ओळखला गेला.) जाडजूड नाला ठोकून जी आणावी लागते, ती चाल मला नको.

मी स्वतः एकदा फसलोय. एक घोडा दुसऱ्या घोड्याच्या मागोमाग तासभर चालवला, लोण्यासारखा चालला. घरी आणून एकटा बाहेर काढला, तर फाटकापासून वीस पावलांवर चारी पाय रोवून उभा, आणि हिंकाळणं थांबेना. त्याचा काय दोष? सोबतीशिवाय कसा वागतो हे मीच पाहिलं नव्हतं. तेव्हा खोगीर चढवायच्या आधी तिथे पोचा आणि मोकळी असलेली घोडी तुमच्यादेखत धरायला लावा. आधीच घामाघूम असेल, तर दमवून शांत केलीय. खालचा ओठ लोंबतोय, मान उचलत नाही, असं दिसलं तर गुंगीचं औषध दिलेलं असू शकतं, पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या. मालकाला आधी बसू द्या, मग तुम्ही बसा आणि तिला एकटीला चिखलातून, पाण्यातून न्या.

शेतात फिरणाऱ्या घोडीचं निम्मं काम उभं राहण्याचं असतं, आणि तेच कुणी तपासत नाही. खाली उतरा, लगाम सैल हातात ठेवा, फाटकाची कडी काढा, पुन्हा लावा, वाटेतली फांदी ओढून बाजूला करा. तेवढ्यात तिनं एक पाय शिथिल टाकून माशा वारत उभं राहावं. तुमचा पाय रिकिबीत पडताच चालू लागली, तर रानात एकटीनं चढताना तुम्ही आपटणार.

वजनाचं एवढंच, की खोगिरासकट तुम्ही तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर 70 किलो. आणि चढायला एखादा ओटा किंवा दगड शोधा, खालून लोंबकळत चढू नका. तिच्या पाठीला ते सोसत नाही, तुमच्या तर नाहीच नाही.