पडद्यावरची त्राटिका

प्रश्न : आमच्या वाचकगटाने फ्रँको झेफिरेली यांचा १९६७ चा ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ एकत्र बसून पाहिला. हसून हसून पुरेवाट झाली. पण शेवटी तापट नायिका कॅथरिनाचे पतिनिष्ठेवरचे भाषण झाले आणि मंडळींमध्ये वादाला तोंड फुटले. तिने खरोखरच हार मानली, असे समजायचे का? शिवाय शेक्सपिअरच्या मूळ नाटकाच्या आरंभी भेटणारा दारुडा स्लाय चित्रपटात का नाही?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी स्लायचे पाहू. मूळ नाटकात झिंगून पडलेल्या या कल्हईवाल्याला एक उमराव थट्टेखातर आपल्या वाड्यात नेऊन निजवतो, तू मोठा सरदार आहेस असे त्याच्या मनावर ठसवतो आणि त्याच्यापुढे एक खेळ लावतो. इटलीतल्या पादुआ शहरात घडणारे सारे कथानक म्हणजे तो खेळ. बायकोला वठणीवर आणणाऱ्या नवऱ्याची ही गोष्ट एका झिंगलेल्या माणसाच्या करमणुकीसाठी चालली आहे, हे ठाऊक असल्याने तिची धार पुष्कळ बोथट होते. मात्र १६२३ च्या छापील संहितेत पहिल्या अंकानंतर स्लायचा पत्ताच नाही, तेव्हा त्याला गाळल्याबद्दल झेफिरेली यांना फार दोष देता येणार नाही. त्याच्या जागी त्यांनी ल्युसेन्शिओ हा तरुण विद्यार्थी पादुआत पाऊल ठेवतो तेव्हाचा विद्यार्थ्यांचा धुडगूस आणला आणि इथे सगळे उलटेपालटे चालायचे, हे सुरुवातीलाच सांगून टाकले.

खरी करामत आहे ती मागणी घालण्याच्या प्रवेशात. नाटकात ही शब्दांची चकमक आहे; चित्रपटात तिला मागणी घालायला आलेला पेट्रुशिओ कॅथरिनाच्या मागे घरभर आणि पुढे छपरावरही धावतो, आणि अखेर दोघे लोकरीच्या ढिगात कोसळतात. या धावपळीत मूळच्या पुष्कळ कोट्या वाहून गेल्या, याची मला हळहळ वाटते. तरीही हुंड्याच्या आशेने आलेल्या या गड्याला तोडीस तोड कोणी भेटल्याचा आनंद, आणि तिलाही तो थोडाफार होत असल्याची शंका, रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांच्या दमलेल्या चेहऱ्यांवर जितकी दिसते तितकी संवादांत सापडत नाही.

इथे आपल्या रंगभूमीची आठवण होणे साहजिक आहे. फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी याच नाटकावरून ‘त्राटिका’ लिहिले आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले. त्यात गणपतराव जोशी प्रतापराव असत, तर त्राटिका बाळाभाऊ जोग. शेक्सपिअरच्या काळीही कॅथरिना एखादा पोरगाच करी. दोन पुरुषांमधली झटापट प्रेक्षक सोंग म्हणून सहज पाहून घेतो. टेलर आणि बर्टन तर त्या वेळी प्रत्यक्षात नवराबायको होते आणि त्यांच्या संसाराच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकत होत्या. मग ते भांडण सोंग म्हणून बाजूला सारणे प्रेक्षकाला जड जाते.

म्हणूनच शेवटच्या भाषणाचा प्रश्न नाटकापेक्षा चित्रपटात अधिक अडचणीचा होतो. याच नाटकावरच्या १९२९ च्या चित्रपटात कॅथरिना झालेल्या मेरी पिकफर्डने याच भाषणात बहिणीकडे पाहून डोळा मिचकावला होता आणि सगळे हसण्यावारी नेले होते. टेलर तसे काही करीत नाही. ती भाषण मनापासून म्हणते, नवऱ्याचे चुंबन घेते आणि कोणाची बायको अधिक आज्ञाधारक ही पैज जिंकल्याच्या ऐटीत तो असतानाच निघून जाते, त्यामुळे त्याला बायकांच्या घोळक्यातून वाट काढत तिच्यामागे धावावे लागते. मागणीच्या वेळी सुरू झालेला पाठलाग संपलेलाच नाही, एवढे झेफिरेली दाखवतात. म्हणून ‘हार’ म्हणायला माझे मन घेत नाही. पेट्रुशिओच्या कळकट घराची साफसफाई ती नोकरांना हाताशी धरून करवून घेते, तेव्हाच तिथे कोणाचे चालणार, हे पुरते कळलेले असते. मात्र त्याआधी तो तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, त्या प्रसंगांवर चित्रपटाने कोणताही इलाज शोधलेला नाही. तिथे तुमच्या गटातले कोणी हसले नसेल, तर त्यांना विनोद कळला नाही असे कृपया म्हणू नका.