‘जाल्लो’ म्हणावे की ‘पीतपट’?

मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाविषयी वाचताना ‘गियालो’ हा शब्द आढळला, त्याचा उच्चार आणि अर्थ काय, आणि मराठीत त्याला ‘पीतपट’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे.

उच्चार ‘जाल्लो’ असा आहे. रोमन लेखनात दिसणारा ‘आय’ येथे स्वर म्हणून उच्चारला जात नाही, तो फक्त ‘ग’चा ‘ज’ करण्यापुरता असतो. दोन्ही ‘ल’ मात्र ऐकू यायला हवेत. शिवाय हा ‘ज’ ‘जातपात’मधला आहे, ‘जाता-येता’मधला नव्हे. तो दाखवण्यासाठी ‘ज्याल्लो’ लिहावे तर वाचणारा ‘जॅल्लो’ म्हणण्याचा धोका, म्हणून मी साधे ‘जाल्लो’च पसंत करतो.

शब्दाचा मूळ अर्थ ‘पिवळा’. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथामाला सुरू केली आणि मुखपृष्ठाचा रंग हेच त्या साहित्यप्रकाराचे नाव होऊन बसले. इटलीत आज कोणत्याही लेखकाच्या गुन्हेकथेला जाल्लो म्हणतात, इतकेच काय, वर्तमानपत्रे न उलगडलेल्या मृत्यूलाही हाच शब्द लावतात. इटलीबाहेर मात्र तो आकसून, हातमोजे घातलेला अनोळखी मारेकरी आणि देखण्या रीतीने चित्रित केलेले खून असलेल्या इटालियन चित्रपटांपुरता उरला.

बाव्हांचा संबंध येथे येतो. त्यांचा १९६३चा कृष्णधवल रहस्यपट या प्रकारातला पहिला मानतात; त्याचे रूप खऱ्या अर्थाने ठरले ते १९६४च्या रंगीत चित्रपटात, जिथे एका फॅशनगृहातल्या तरुणींना चेहरा कापडाने झाकलेला मारेकरी एकेक करून मारतो आणि भिंतींवर लाल, हिरवा, जांभळा प्रकाश पडलेला असतो. बाव्हा मूळचे छायालेखक, त्यांचे वडीलही त्याच धंद्यातले, त्यामुळे पैशांची तूट ते प्रकाशाने आणि युक्तीने भरून काढीत. १९६५च्या अंतराळपटातला परका ग्रह त्यांनी प्लॅस्टिकचे दोन खडक आणि भरपूर धूर एवढ्यावर उभा केला, असे ते स्वतः सांगत. पण हा अंतराळपट जाल्लो नव्हे, आणि त्यांचे नाव करणारा १९६०चा चेटकिणीचा चित्रपटही नव्हे. म्हणून बाव्हांना सरसकट ‘जाल्लो-दिग्दर्शक’ म्हणणे मला पटत नाही. ‘भयपटकार’ हेच त्यांना अधिक शोभते.

‘पीतपट’ हा शब्द दिसायला नेटका आहे, पण मराठी कानाला तो भलतेच सांगतो. आपल्याकडे ‘पिवळी पुस्तके’ म्हणजे चावट वाङ्मय आणि ‘पीत पत्रकारिता’ म्हणजे सनसनाटी वृत्तलेखन. या दोहोंच्या पंगतीत बसलेल्या ‘पीतपटा’त कोणी खुनी शोधायला जाणार नाही. तेव्हा मूळ शब्दच घ्यावा आणि ‘फोटो’सारखा चालवावा: एक जाल्लो, अनेक जाल्लो, जाल्लोत, जाल्लोचा. इटालियन अनेकवचन ‘जाल्ली’ मराठी वाक्यात आणण्याचे कारण नाही.