कास्ट आपोआप होत नाही

प्रश्न असा आलाय: सी या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे अधिकृत नियमावलीत, कलम ६.३.१.३ ला, लिहिलंय की व्हॅल्यू नव्या अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) टाइपमध्ये मावत नसेल तर त्या टाइपच्या कमाल व्हॅल्यूपेक्षा एकाने मोठी संख्या तिच्यात पुन्हा पुन्हा मिळवायची किंवा वजा करायची, ती मावेपर्यंत. आता ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटची कमाल व्हॅल्यू ४२९४९६७२९५, त्यात एक मिळवला की त्याच टाइपमध्ये शून्य होतं, मग -१ मध्ये शून्य कितीही वेळा मिळवा, -१ च राहणार, "तर हा इम्प्लिसिट कास्ट (म्हणजे आपोआप होणारा टाइपचा बदल) संपतो कसा?" आणि साइन्ड टाइपमध्ये, ज्यात ऋण संख्याही बसतात, मावलं नाही तर काय, हेही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ही बेरीज मशीनवर करायचीच नाहीये, ती शाळेतल्या गणितातली बेरीज आहे. -१ अधिक ४२९४९६७२९६ म्हणजे ४२९४९६७२९५, एका फेरीत काम संपलं. सी-९९ मध्ये, म्हणजे स्टँडर्डच्या १९९९ च्या आवृत्तीत, तिथेच खाली तळटीप आहे, की हे नियम गणिती व्हॅल्यूबद्दल आहेत, कुठल्या टाइपच्या एक्स्प्रेशनबद्दल नाहीत. पण तुमचा गोंधळ रास्त आहे, कारण त्याच स्टँडर्डने सुरुवातीला व्हॅल्यू या शब्दाची व्याख्याच मुळी अमुक टाइपचा समजून वाचलेला अर्थ अशी केलीय, म्हणजे टाइपशिवाय व्हॅल्यू नाहीच! मग इथे अचानक टाइप बाजूला ठेवा हे माणसाला कळावं कसं, आणि तेही तळटीपेतून, जी आयएसओच्या स्टँडर्डमध्ये बंधनकारक धरतच नाहीत. १९७८ मध्ये सी वरच्या पुस्तकात केर्निगन आणि सी भाषा घडवणारे रिची यांनी हेच किती स्वच्छ लिहिलं होतं: मूळ संख्येशी २ च्या घाताच्या मोड्युलोने जुळणारी, म्हणजे त्या घाताने भागल्यावर तीच बाकी उरणारी, सगळ्यात लहान अनसाइन्ड संख्या. सी++ ने १९९८ मध्ये जवळपास तीच शब्दरचना ठेवली. सी च्या कमिटीने ते सोडून मिळवा-वजा करा ही कृती लिहायला घेतली हे मला अजिबात पटत नाही. उत्तर काय ते सांगायचं तिथे कृती सांगत बसलं की वाचणारा ती करून बघणारच, तुम्ही तेच केलंत.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या "इम्प्लिसिट कास्ट"बद्दल. हा शब्दप्रयोग मुलाखतीत, क्लासमध्ये, व्हिडिओत, सगळीकडे ऐकू येतो आणि तो सी पुरता सरळ चूक आहे. स्टँडर्ड म्हणतं की एक्स्प्रेशनच्या आधी कंसात टाइपचं नाव लिहिलं की त्या रचनेला कास्ट म्हणायचं. म्हणजे कास्ट ही लिहिलेली, डोळ्यांना दिसणारी गोष्ट. जे घडतं ते कन्व्हर्जन, म्हणजे रूपांतर, मग ते कास्टमुळे घडो की नुसत्या असाइनमेंटमुळे. न लिहिलेला कास्ट कसा असेल? मराठीत तर हा फरक क्रियापदातच बसलाय, रूपांतर "झालं" आणि रूपांतर "करून टाकलं". पहिल्यात कर्ता शोधायची गरज नाही, दुसऱ्यात कोणीतरी मुद्दाम हात घातलाय.

आणि आता गंमत बघा, कास्ट हा शब्द मूळचा "टाकणे"च! जुन्या नॉर्स भाषेतलं कास्ता, म्हणजे फेकणे, टाकणे. जाळं टाकणे, नजर टाकणे, सापाने कात टाकणे, या सगळ्याला इंग्रजीत कास्टच म्हणतात आणि आपल्याकडेही टाकणेच म्हणतात. हिशेबातली बेरीज करणं हाही कास्टचा जुना अर्थ, सीएकडे आर्टिकलशिप केलेल्यांना कास्टिंग म्हणजे बेरजा तपासणं हे माहीत असेल. मग साच्यात धातू ओतणं, आणि मग नाटकात भूमिका वाटणं.

बहुतेक लोक टाइपकास्ट समजावताना साच्याचा अर्थ घेतात, बिडाच्या तव्यासारखं, वितळवलं आणि नव्या आकारात ओतलं. मला हे मान्य नाही. रिचींनी सी च्या इतिहासावरच्या १९९३ च्या लेखात सांगितलंय की कास्ट हे नाव आल्गोल ६८ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवरून घेतलं. आणि आल्गोल ६८ मध्ये कास्ट स्वतः काहीच वितळवत नाही! तिथे टाइपचा बदल करणाऱ्या वेगळ्या कृती, म्हणजे कोअर्शन, आहेत, वायडनिंग, डीरेफरन्सिंग, युनायटिंग, रोइंग वगैरे, आणि कास्ट फक्त अशी जागा तयार करतो की जिथे त्या सगळ्यांना परवानगी मिळते, तिला स्ट्राँग पोझिशन म्हणतात. पूर्णांकाचा रिअल (दशांश संख्या) होतो कारण वायडनिंग आहे, पण ३.७ ला कास्ट करून पूर्णांक करता येत नाही, तिथे राउंड किंवा आँतिए हे ऑपरेटर लिहावेच लागतात. म्हणजे कास्ट म्हणतो, या व्हॅल्यूला ही भूमिका दिली, जमत असेल तर करेल, नसेल तर प्रोग्राम चालणार नाही. हा भूमिका वाटण्याचा अर्थ आहे, ओतकामाचा नव्हे, असं माझं ठाम मत आहे. सी ने शब्द उचलला आणि त्यात जबरदस्ती भरली, ३.७ चे मुकाट ३ होऊ लागले, तेव्हापासून लोकांना साचा आठवायला लागला.

यावर कोणी म्हणेल की क्लँग या सी कंपायलरच्या एएसटी डंपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आतल्या झाडाच्या छापील नकाशात, चक्क इम्प्लिसिटकास्टएक्स्प्र असं नाव छापून येतं. येतं, माहीत आहे. पण ते कंपायलरच्या आतल्या झाडावरच्या एका नोडचं नाव आहे, लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी दिलेलं, त्यावरून भाषेची व्याख्या ठरवायची म्हणजे प्रकरण उलटं झालं. पोस्टग्रेस या डेटाबेसची गोष्ट वेगळी, तिथे क्रिएट कास्टच्या शेवटी अ‍ॅज इम्प्लिसिट लिहिता येतं कारण त्यांच्याकडे कास्ट म्हणजे दोन टाइपमधल्या बदलाचा नोंदवलेला नियम. तिथे खुशाल म्हणा. सी बद्दल बोलताना तो आधार देऊ नका. जावाचं स्पेसिफिकेशन बघा, वायडनिंग कन्व्हर्जन, नॅरोइंग कन्व्हर्जन, आणि कास्ट ही ते जिथे घडतं त्या संदर्भांपैकी एक. आल्गोलच्या मूळ कल्पनेच्या हे किती जवळ आहे!

हां, साइन्डचं राहिलं. साइन्ड टाइपमध्ये व्हॅल्यू मावली नाही तर निकाल इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड, किंवा तसाच एखादा सिग्नल. याला अनडिफाइन्ड, म्हणजे काहीही होऊ शकतं असं, म्हणू नका, इथे कंपायलरने काय करणार ते लिहून द्यायलाच हवं. जीसीसी या कंपायलरने लिहिलंय: एन बिटांचा टाइप असेल तर २ च्या एन घाताच्या मोड्युलोने आत आणतो, सिग्नल देत नाही. म्हणून ३०० हे ८ बिटांच्या साइन्ड कॅरमध्ये ४४ होतं. सी++ ने तर २०२० पासून हा नियम सगळ्यांनाच लावलाय.