ती स्वतःकडेच बघत होती

‘मॅडम, मी दिसते बरी, पण मला अभिनय येत नाही. हे आता मान्य करून टाकू का?’ मॉडेलिंग करून मालिकांकडे वळलेली मुलं-मुली थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात. मी समुपदेशक आहे, ठाणे शहरात बसते. घोडबंदर रोडला मालिकांचे सेट लागलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. उत्तर म्हणून मृण्मयीची हकिकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.

मृण्मयी सव्वीस वर्षांची, इचलकरंजीची. घरचे यंत्रमाग. कॉलेजातल्या स्पर्धेतून आधी पुण्यात आणि तिथून मुंबईत आली. रॅम्प थोडा, सुरतच्या साड्यांचे कॅटलॉग भरपूर. हे काम बाहेरून चैनीचं वाटतं. प्रत्यक्षात एका दिवसात ढीगभर साड्या, प्रत्येकीत चार-पाच पोझ, पदर असा की काठ दिसलाच पाहिजे, आणि चेहरा असा की गिऱ्हाइकाची नजर साडीवरून हलू नये. हे तिला उत्तम जमायचं. मग एका रोजच्या मालिकेत नायिकेच्या धाकट्या जावेची भूमिका मिळाली. ऑडिशन, लुक टेस्ट, मॉक शूट (म्हणजे चाचणीचं चित्रण), सगळं रीतसर झालं. आणि पहिल्याच आठवड्यात सेटवर नाटकातून आलेल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘उभी छान राहतेस हं तू.’

सगळे हसले. तीही हसली. त्या रात्रीपासून तिची झोप गेली.

माझ्याकडे आली तोवर गाडी बरीच पुढे गेली होती. व्हॅनिटीत (म्हणजे सेटवरच्या मेकअपच्या गाडीत) बसलं की छातीत धडधड, हात गार. तोंडपाठ असलेले संवाद शॉट सुरू झाला की पुसून जायचे. दिग्दर्शक म्हणायचा, ‘डोळ्यांत काहीतरी आण गं.’ मग ती आरशासमोर बसून डोळ्यांत काहीतरी आणण्याचा सराव करायची, आणि प्रत्येक टेक झाला की धावत मॉनिटरपाशी, म्हणजे चित्रण दिसतं त्या पडद्यापाशी, जाऊन ते आलं का बघायची. तिच्या आईंनी फोनवर वेगळंच सांगितलं: ‘पोरगी जेवत न्हाई ओ मॅडम, नुस्ती कॉफी पिती.’

आधी तेच पाहिलं. रिकाम्या पोटी दिवसभर काळी कॉफी आणि रात्री जेमतेम चार तास झोप, एवढ्यावर कोणाचीही छाती धडधडेल. फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. यात नवल काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि ही तर कमरेचा इंच मोजून काम मिळणाऱ्या धंद्यातली मुलगी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळचा नाश्ता सक्तीचा झाला, दुपारनंतर कॉफी बंद झाली. मनाच्या मागे लागण्याआधी समुपदेशकाने पोटाची चौकशी करावी, या मताची मी आहे.

धडधड बरीच उतरली. संवाद मात्र पुसले जातच राहिले.

मग एका भेटीत माझं लक्ष तिच्या बसण्याकडे गेलं. माझ्या खोलीत खिडकी एका बाजूला आहे. मृण्मयी दर वेळी खुर्ची किंचित वळवून घ्यायची, उजेड गालावर तिरका पडेल इतकी, आणि हनुवटी बोटभर खाली. हे ती करते, याचा तिला पत्ताच नव्हता. मी विचारलं, ‘काल सासूबरोबर सीन होता ना तुझा? त्यांची साडी कोणत्या रंगाची होती?’ तिला आठवेना. ‘बोलता बोलता त्या कुठे थांबल्या का?’ माहीत नाही. ‘बरं, तुझा डावा हात कुठे होता?’ उत्तर तयार होतं. पहिल्या टेकला पदरावर, दुसऱ्याला मंगळसूत्राशी, तिसऱ्याला मागे, कारण मॉनिटरवर बोटं जाड दिसली होती.

सगळं करिअर साड्यांत काढलेल्या मुलीला समोरच्या बाईची साडी दिसली नव्हती. माझ्या मते तिच्या दुखण्याचं मूळ इथे होतं.

चारचौघांत वावरण्याच्या तीव्र भीतीबद्दल डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक मांडणी केली, आजही उपचारात ती वापरतात. घाबरलेल्या माणसाचं लक्ष समोरच्यावरून उडतं आणि ‘मी कसा दिसतोय’ यावर खिळतं. तो स्वतःला बाहेरून बघायला लागतो, आणि बघण्यातच इतकं लक्ष खर्ची पडतं की प्रत्यक्ष बोलायला थोडंच उरतं. त्याला जोडून १९९७ मधला बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांचा सिद्धान्त आहे. ज्या बाईच्या शरीराकडे सतत पाहिलं जातं, ती हळूहळू बघणाऱ्याच्याच नजरेने स्वतःला बघायला शिकते. पुढच्याच वर्षी एका प्रयोगात कॉलेजच्या मुलामुलींना एकेकट्याला आरसा असलेल्या खोलीत काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालायला दिला आणि गणिताची परीक्षा घेतली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींचे गुण स्वेटरवाल्या मुलींपेक्षा घसरले, मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. खोलीत बघणारं दुसरं कोणीही नव्हतं.

आता मॉडेलचा विचार करा. आपण या क्षणी बाहेरून कशा दिसतोय याचं अचूक भान, हीच तर तिची कारागिरी. त्याचेच तिला पैसे मिळतात, आणि ते कमावायला वर्षं लागतात. सेटवर गेल्यावर ते भान आपोआप बंद होत नाही. सासू बोलत असताना जावेने ऐकायचं असतं, आणि ही स्वतःवर पहारा देत बसलेली. त्यामुळे डोळ्यांत काही येत नाही, कारण डोळे समोर बघतच नाहीत. मी अभिनय शिकवत नाही आणि कोणाला येतो, कोणाला नाही हे सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण मृण्मयीला मी ठामपणे म्हटलं की तुझा अभिनय वाईट आहे असा पुरावा अजून आलेलाच नाही. तू तो करून पाहिलाच नाहीस.

ती थोडी चिडली. चिडली ते बरं झालं.

आरशासमोरचा सराव बंद केला. मॉनिटरही काही दिवस बंद. दिग्दर्शकाने कारण विचारलं तर याचं काय, म्हणून ती घाबरली होती, आणि परस्पर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ असं ठोकून दिलं. मी डॉक्टर नाही, पण दिग्दर्शकाला आनंदच झाला असावा, कारण मॉनिटरपाशी होणारी गर्दी कोणत्याच दिग्दर्शकाला आवडत नाही.

सगळ्यात उपयोगी ठरली ती मात्र दुसरीच गोष्ट. मालिकेत दुसऱ्याचा क्लोज, म्हणजे फक्त चेहऱ्याचा जवळून शॉट, लागतो तेव्हा समोरच्या नटाचं काम फक्त क्यू देण्याचं, म्हणजे त्याला बोलता यावं म्हणून आपली वाक्यं म्हणण्याचं, असतं. कॅमेरा त्याच्यावर नसतो. घाईत ते काम अनेकदा एखादा असिस्टंट भावशून्य आवाजात वाचून उरकतो आणि नट मोबाइल घेऊन बाजूला बसतो. मृण्मयीही बसायची. मी सांगितलं, यापुढे प्रत्येकाच्या क्लोजला तू स्वतः उभी राहून क्यू द्यायचा, आणि घरी येऊन मला लिहायचं: समोरच्याने श्वास कुठे घेतला, कोणत्या शब्दावर नजर काढून घेतली. कोणीच आपल्याला टिपत नसताना अभिनय करण्याची ही हक्काची जागा होती. पहिल्या चिठ्ठ्या कोरड्या होत्या. मग एक आली: ‘आज आई (म्हणजे मालिकेतल्या सासूबाई) रडताना आधी हसल्या. मला एकदम वाईट वाटलं आणि मी वाक्य विसरले, पण या वेळी घाबरून नाही.’ त्या ‘आई’ म्हणजे ‘उभी छान राहतेस’ म्हणणाऱ्याच बाई. क्यू द्यायला थांबणारी पोरगी त्यांना आवडली असावी. पुढे त्याच तिच्याबरोबर वाक्यं मारून घ्यायला, म्हणजे संवादांची तालीम करायला, लागल्या.

व्हिडिओचा एक प्रयोगही केला. दोन मिनिटांचा प्रसंग दोनदा चित्रित करायचा, एकदा स्वतःच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून, एकदा समोरच्याच्या डोळ्यांवर. बघण्याआधी तिने कागदावर लिहायचं की काय दिसेल. तिने लिहिलं, दुसऱ्या वेळी मान वाकडी, चेहरा सुजलेला. बघितल्यावर म्हणाली, ‘मान वाकडी आहे खरी. पण ही बाई ऐकतेय.’

आता पालकांच्या बाजूने. मॉडेलिंगमधून छोट्या पडद्यावर जाण्याची वाट जुनी आहे. मिलिंद सोमण १९९८ मध्ये दूरदर्शनवर कॅप्टन व्योम झाला. स्मृती इराणी १९९८ च्या मिस इंडिया स्पर्धेत होत्या आणि २००० मध्ये तुलसी म्हणून घराघरांत पोचल्या. ही नावं मला आयाही ऐकवतात आणि मुलीही, दोघी अगदी उलट अर्थाने. त्यावरून तुमच्या मुलीबद्दल काहीच ठरत नाही. त्यापेक्षा व्यवहाराचे प्रश्न विचारावेत. करारात महिन्याला किती दिवसांची हमी आहे? मालिका चालू असताना बाहेरची जाहिरात करायला परवानगी आहे का? मानधन दिवसावर ठरतं आणि या क्षेत्रात ते साधारण नव्वद दिवसांनी हातात पडतं, म्हणजे पहिले तीन महिने घरभाडं गाठीच्या पैशातूनच जाणार. मृण्मयीच्या निद्रानाशात या नव्वद दिवसांचाही वाटा होता, पण ते सांगायला तिला फार उशीर लागला. वडिलांना ‘आता मागणार नाही’ असं सांगून बसली होती ना. ऑडिशनसाठी किंवा ‘रजिस्ट्रेशन’साठी कोणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठून यावं, त्यावर माझ्याशी चर्चा करायचीही गरज नाही.

आणि झोप, भूक, मन लागणं हे सगळं दोन आठवड्यांच्या वर बिघडलेलं राहिलं, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर ते करिअरचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवावं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

मृण्मयीची जाऊबाई काही महिन्यांनी कथेत दुबईला गेली आणि परत आली नाही. मालिकेत असं होतंच. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि कोणाचा ट्रॅक वाढतो, कोणाचा आटोपतो. मला वाटलं होतं, ती कोसळेल. ती चार दिवस रडली, मग परत सुरतेच्या कॅटलॉगवर गेली, कारण भाडं भरायचं होतं, आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेच्या तालमींना जायला लागली. तिथे तिला मोलकरणीची भूमिका मिळाली, वाक्यं अकरा. बाकीचा वेळ रंगमंचावर राहून इतरांचं ऐकायचं.

परवा तिच्या आईंचा फोन आला. ‘सिरियल तर संपली मॅडम. आता लग्नाचं बघावं काय तिच्या?’ मी म्हटलं, ते तिलाच विचारा, पण रात्री दहानंतर. पुन्हा एका मालिकेत तिला घेतलंय आणि पॅकअप नऊच्या आधी होत नाही.