गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ आणि रुग्णालयाचे बिल

प्रश्न : माझे वय ३६ आहे. मी रोज सुमारे ४० किलोमीटर मोटारसायकलवरून कामावर ये-जा करतो. घरी पत्नी व दोन लहान मुले आहेत. माझ्या १५० सीसीच्या गाडीला फुल इन्शुरन्स असून पॉलिसीवर ‘वैयक्तिक अपघात १५ लाख’ असे छापलेले आहे. पगार २७ हजार असून कंपनीचा २ लाखांचा ग्रुप मेडिक्लेमही आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या सहकाऱ्याची गाडी घसरून त्याच्या मांडीचे हाड मोडले. रॉड घालावा लागला आणि सव्वातीन लाख रुपये खर्च आला. त्याच्याही गाडीला फुल इन्शुरन्स होता. पण त्यातून हेडलाइट, हँडल आणि लेगगार्ड एवढ्याचेच पैसे मिळाले. असे का झाले? मी कोणता विमा किती रकमेचा घ्यावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या सहकाऱ्याला मिळालेली रक्कम पॉलिसीतील अटींप्रमाणेच मिळाली आहे. पॉलिसी विकताना त्याला या अटी कोणी समजावून सांगितल्या नाहीत, याचे मात्र मला फार वाईट वाटते, कारण अशी पत्रे या सदराकडे सातत्याने येतात आणि बहुतेक पत्रांत ‘फुल’ याच शब्दाने घात केलेला असतो.

ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, त्यात मुळात तीन वेगवेगळी संरक्षणे एकत्र बांधलेली असतात. पहिले थर्ड पार्टीचे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ते सक्तीचे केले असून, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई त्यातून होते. दुसरे आपल्या गाडीच्या नुकसानीचे. हेडलाइट आणि हँडलचे पैसे आले ते यातून. तिसरे म्हणजे मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण, ज्याची रक्कम २०१८ साली १५ लाख करण्यात आली. घोटाळा होतो तो या तिसऱ्या भागात. ही रक्कम मृत्यू झाल्यास, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावल्यास, अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण मिळते. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास निम्मी मिळते. मोडलेले हाड जुळले आणि माणूस पुन्हा चालू लागला, तर त्याला यातून एक रुपयाही मिळत नाही, मग शस्त्रक्रियेचे बिल कितीही झालेले असो.

समोरच्या वाहनाची चूक असेल, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत उपचाराचा खर्च मागता येतो. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्याने पोलिसांचा पंचनामा, एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिले पहिल्या दिवसापासून जपावीत. परंतु दाव्याचा निकाल लागेपर्यंत बराच काळ जातो, आणि रुग्णालयाचा काउंटर तेवढे दिवस थांबत नाही. शिवाय पावसात आपलीच गाडी घसरली, तर दावा करायचा तरी कोणावर?

म्हणून उपचाराच्या खर्चासाठी आरोग्य विमा आणि बुडालेल्या कमाईसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा, असे दोन निराळे विमे घ्यावे लागतात. आपला पगार २१ हजारांच्या आत असता, तर बहुधा आपण कर्मचारी राज्य विमा योजनेत असता आणि कामावर जाता-येता झालेला अपघातही त्या कायद्याखाली कामावरचा धरला गेला असता. आपण त्या मर्यादेच्या बाहेर असल्याने ही सोय स्वतःच उभी करायला हवी.

कंपनीच्या २ लाखांवर अवलंबून राहू नये, कारण नोकरी सुटली की ते संरक्षणही जाते. माझ्या मते चौघांच्या कुटुंबासाठी स्वतःची किमान ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम असलेली) पॉलिसी घ्यावी आणि तिच्यावर १० लाखांचा सुपर टॉप-अप जोडावा. ५ लाखांच्या वरचाच खर्च द्यायचा असल्यामुळे टॉप-अपचा हप्ता बराच कमी बसतो. नव्या पॉलिसीत आजारपणासाठी पहिले ३० दिवस थांबावे लागते, मात्र अपघाताला ही अट नसते.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा अवश्य वाचावी. समजा, मर्यादा दिवसाला ५,००० रुपयांची आहे आणि घाईगर्दीत आपल्याला ८,००० रुपयांच्या खोलीत दाखल केले गेले. अशा वेळी केवळ वरचे ३,००० रुपये आपल्याकडून जातात असे नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे व परिचारिकांचा खर्च यांनाही त्याच प्रमाणात, म्हणजे तीन-अष्टमांश, कात्री लागू शकते. या खर्चाचे १,६०,००० रुपये झाले असतील, तर मंजूर होतील १,००,००० आणि ६०,००० आपल्या खिशातून जातील. औषधे आणि रॉड-प्लेटसारखी उपकरणे यांना अशी कपात लागत नाही. तरीही थोडा अधिक हप्ता भरून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घेणे मला रास्त वाटते.

आता कमाईचे. मांडीचे हाड मोडलेला माणूस कित्येक आठवडे घरी असतो, आणि किराणा व शाळेची फी तर थांबत नाही. विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेली ‘सरल सुरक्षा बीमा’ ही प्रमाणित अपघात पॉलिसी २०२१ पासून उपलब्ध आहे. तिच्यात मृत्यू आणि कायमचे पूर्ण वा अंशतः अपंगत्व हे मूळ संरक्षण असते. जादा हप्ता भरून, अपघाताने तात्पुरते अंथरुणाला खिळल्यास दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के, आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत संरक्षण जोडता येते. आपण २५ लाखांची पॉलिसी या दोन्ही जोडण्यांसह घेतली, तर आठवड्याला ५,००० रुपये, म्हणजे महिन्याला वीस हजारांच्या आसपास मिळतील आणि उपचारासाठी अडीच लाखांपर्यंतचा आधार राहील. आपल्या परिस्थितीत मी या दोन जोडण्यांशिवाय अपघात पॉलिसी घेणार नाही.

सरकारी योजनांचीही माहिती घरच्यांना असू द्यावी. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयांत मिळतात. घराजवळचे आणि कामाच्या वाटेवरचे अंगीकृत रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवावे.

प्रश्न : गाडी वडिलांच्या नावावर आहे, पण चालवतो मी. पॉलिसीतील १५ लाख मला लागू होतात का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. हे संरक्षण आरसी बुकवर ज्यांचे नाव आहे आणि ज्यांच्याकडे वैध परवाना आहे, अशा मालकालाच, ते स्वतः गाडी चालवत असताना मिळते. आपल्याकडे घरोघरी गाडी वडिलांच्या नावावर आणि चावी मुलाच्या हातात अशीच स्थिती असते, त्यामुळे आपला प्रश्न अनेकांचा आहे. आपण आपल्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घ्यावा. बँकेतून २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही असू द्यावा. पण त्याचे २ लाखही मृत्यू व अपंगत्वासाठीच आहेत, उपचारासाठी नाहीत.

प्रश्न : माझी आई नेहमी माझ्या गाडीवर मागे बसते. तिला काही झाले, तर गाडीच्या विम्यातून पैसे मिळतील का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ते पॉलिसीच्या प्रकारावर अवलंबून आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात, मागे बसलेल्या व्यक्तीबाबतचे दायित्व धरलेले असते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ते येत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने मागे बसणाऱ्याला कायद्याने सक्तीच्या असलेल्या संरक्षणाबाहेर मानले आहे. नवीन गाडी घेतली असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. तिचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, परंतु गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. पाच वर्षांचा विमा आहे अशा समजुतीत तो भाग नव्याने घ्यायचा राहून जातो, आणि दुसऱ्या वर्षापासून आईंसाठी असलेले संरक्षणही त्याबरोबर संपू शकते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर या दोन भागांच्या मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्यांपैकी जी आधी संपते, ती आपण धरून चालावी.