अमेरिकेतल्या एका छोट्या गावात हिंसक गुन्हे वर्षभरात दुप्पट झालेले दिसतात. तिथे घर घेणं टाळावं का?

तेवढ्यावरून टाळू नका. छोट्या गावात दोनाचे चार झाले तरी ते 'दुप्पट'च दिसतं. एफबीआयच्या (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या) आकडेवारीत गुन्ह्यांचा दर हा १ लाख लोकसंख्येमागे काढतात. त्यामुळे ५,००० वस्तीच्या गावात एक खून झाला की दर थेट २० वर जातो आणि पुढच्या वर्षी कदाचित शून्यावर येतो. टेक्सासमधलं युवाल्डी घ्या. वस्ती जेमतेम १५,०००. २०२२ मध्ये तिथल्या शाळेतल्या गोळीबारात २१ जण गेले, म्हणजे त्या एकाच दिवसाने दर १३० च्या वर. पण तिथे रात्री दुकानातून पायी घरी येता येतं का, हे त्यातून कळत नाही. एफबीआयच्या 'क्राइम डेटा एक्सप्लोरर'वर त्या गावाचं पोलीस खातं निवडा आणि पाच-सहा वर्षांचे मूळ आकडे बघा, टक्के नकोत. हिंसक गुन्ह्यांत खून, बलात्कार, लूटमार आणि गंभीर मारहाण धरतात. यातला मोठा भरणा मारहाणीचाच असतो. फक्त २०२१ चा आकडा जपून वापरा: त्या वर्षी नोंदीची पद्धत बदलली आणि हजारो खात्यांनी माहितीच पाठवली नाही. रकाना कोरा दिसला तर तो शून्य समजू नका.