आधी ॲम्प खाली कर

मित्रा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. क्लबात मोफत प्रवेशाची रात्र, चार बँड, तुमच्या वाट्याला ४० मिनिटं, आणि तुझा प्रश्न असा की लोक गप्पा मारत बसले तर आवाज वाढवायचा का. नाही. तिकीट न काढलेला माणूस कधीही उठून जातो, आणि गाण्यातलं अक्षर कळेना झालं की नक्कीच जातो. तुम्ही मराठीत गाता ना? मग शब्द पोचलेच पाहिजेत. ॲम्पचा, म्हणजे तुझ्या गिटारच्या स्पीकरपेटीचा, आवाज खाली कर.

२०१० साली पुण्यात सुरू झालेल्या वीकेंडर या संगीत महोत्सवासारखं मैदान डोळ्यांसमोर ठेवून क्लबात वाजवू नकोस. मैदानात आवाज पांगतो, इथे भिंती तो परत अंगावर टाकतात. छोट्या खोलीत ड्रम्स माइकशिवायच १०० डेसिबलच्या घरात जातात. त्यावर गिटार चढते, तिच्यावर बास. गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, वाढतो, त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. साऊंडवाला काय करणार? तुझा ॲम्प त्याच्या मिक्सरवरून कमी होत नाही रे!

ॲम्प जमिनीवर ठेवला की तो तुझ्या पोटऱ्यांना ऐकवतो. खुर्चीवर ठेव, थोडा मागे कलता, तोंड तुझ्या कानाकडे. निम्म्या आवाजात भागेल. माइक ॲम्पच्या जाळीजवळ, पण स्पीकरच्या बरोबर मध्यावर नको, तिथे आवाज कर्कश येतो. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घे. घरी गोड वाटणारं डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, बँडमध्ये नुसता चिखल होतं, तेही उतरव. बास डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारची तार मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून, थेट मिक्सरला.

गायकाचा एसएम ५८ माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे, गायकाच्या समोर. आणि माइकची जाळी मुठीत धरू देऊ नकोस. रुबाबदार दिसतं खरं, पण मुठीतला माइक सगळीकडून ऐकू लागतो, की पुन्हा शिट्टी.

कोण काय वाजवणार, किती माइक लागणार, ते एका कागदावर दोन दिवस आधी क्लबला पाठव. ड्रमरने स्नेअर, झांजा, किक पेडल स्वतःचे आणावेत. ड्रम्सखाली सतरंजी, नाहीतर पायाने वाजवायचा किक ड्रम पुढे सरकत जातो. साऊंडचेकला किक, स्नेअर, बास, गिटार, शेवटी गळा. मग सगळ्यांत जोरकस गाण्याचं फक्त धृपद. गाणी आठच. चार मिनिटांची आठ म्हणजे ३२, उरलेला वेळ ट्यूनिंग आणि बोलण्यात जातो. तुझ्या गिटारला फ्लॉइड रोज, म्हणजे स्प्रिंगच्या ताणावर तरंगणारा ब्रिज आहे. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, म्हणून दुसरी गिटार सुरात लावून जवळ ठेव.

या हट्टापायी मला रॉक कळत नाही म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणू देत. १०० डेसिबलला कानाला १५ मिनिटंच सोसतं, हे मला वेळेवर कळायला हवं होतं. इअरप्लग घाल. आणि ॲम्प खाली.

येत्या रिहर्सलला तुमची गाणी कधीच न ऐकलेलं कुणीतरी बोलाव. तुम्ही वाजवत असताना त्याला दुसरं कडवं कागदावर उतरवायला सांग. जिथे तो जागा कोरी सोडेल, तिथे कोण जोरात वाजवत होतं ते बघ.

तुझा,
दादा